प्रॉक्समॉक्स सर्व्हरवरील कॉन्फिगरेशन फाइलींची पुनर्प्राप्ती

प्रॉक्समॉक्स व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (संक्षेपाने प्रॉक्समॉक्स व्हीई) या प्रणालीवर चालणाऱ्या सर्व्हरमधील /ईटीसी/पीव्हीई या डिरेक्टरीत आभासी यंत्रांच्या कॉन्फिगरेशन फाइली असतात. त्या चुकून पुसल्या गेल्यास यंत्रांच्या नोंदी पुन्हा उभ्या करण्याचे काम म्हणजे कॉन्फिगरेशनची पुनर्प्राप्ती होय. अशा प्रसंगी वेब पटलावरून सर्व यंत्रे एकाएकी दिसेनाशी होतात आणि सारे काही नष्ट झाले असा समज होतो. प्रत्यक्षात पुसल्या जातात त्या काही किलोबाइटांच्या साध्या मजकूर फाइली. यंत्रांच्या डिस्क आणि त्यांतील माहिती जागेवरच असते, इतकेच नव्हे तर चालू असलेली यंत्रे चालूच राहतात. सातबाऱ्याचा उतारा गहाळ झाला म्हणून जमीन नाहीशी होत नाही, तसाच हा प्रकार आहे. भरून न येणारे नुकसान होते ते त्यानंतरच्या घाईच्या उपायांमुळे. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केल्यास नोंदी जुळवण्याचा सर्वांत चांगला पुरावा जातो, आणि प्रणाली त्याच डिस्कवर नव्याने बसवल्यास त्या डिस्कवरील यंत्रेही जातात.

या लेखात आज्ञा, फाइली व मार्ग यांची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. सर्व्हरवर ती रोमन लिपीत टंकावी लागतात.

पार्श्वभूमी

एका प्रत्यक्ष संगणकावर अनेक संगणक एकाच वेळी चालवण्याच्या तंत्राला व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. प्रत्यक्ष संगणक हा यजमान आणि त्यावर चालणारी यंत्रे ही पाहुणी, अशी परिभाषा रूढ आहे. 'व्हर्च्युअल' या शब्दासाठी मराठीत 'आभासी' हा शब्द स्थिरावला असला, तरी तो थोडा फसवा आहे. यंत्र आभासी असते. त्यात साठवलेले हिशेब, पत्रे वा निकालपत्रके मात्र खरीच असतात.

प्रॉक्समॉक्स व्हीई ही ऑस्ट्रियातील व्हिएन्ना येथील प्रॉक्समॉक्स सर्व्हर सोल्युशन्स या कंपनीने विकसित केलेली मुक्त स्रोत प्रणाली आहे. तिची पहिली आवृत्ती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. ती डेबियन लिनक्सवर आधारलेली असून पूर्ण आभासी यंत्रांसाठी केव्हीएम आणि हलक्या कंटेनरांसाठी एलएक्ससी ही तंत्रे वापरते. २०२३ मध्ये ब्रॉडकॉम कंपनीने व्हीएमवेअर विकत घेतल्यानंतर परवान्यांच्या अटी बदलल्या, आणि अनेक संस्था पर्याय म्हणून प्रॉक्समॉक्सकडे वळल्या.

नोंदी कोठे असतात

/ईटीसी/पीव्हीई ही डिस्कवरील साधी डिरेक्टरी नाही. २०१२ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून तेथे 'पीएमएक्ससीएफएस' नावाची विशेष फाइल-प्रणाली जोडलेली असते. तिच्यातील सर्व मजकूर /व्हीएआर/लिब/पीव्हीई-क्लस्टर या डिरेक्टरीतील 'कॉन्फिग.डीबी' या एकाच एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये साठवलेला असतो, आणि त्याची एक प्रत सर्व्हरच्या मेमरीत असते. म्हणजे प्रशासकाला ज्या अनेक फाइली दिसतात, त्या वस्तुतः एका डेटाबेसमधील ओळी असतात. यामुळेच येथून पुसलेली फाइल नेहमीच्या साधनांनी परत आणता येत नाही. पुसण्याची क्रिया डेटाबेसमध्ये लगेच नोंदली जाते, आणि डिस्कवर शोधण्याजोगी स्वतंत्र फाइल मुळात नसतेच.

प्रत्येक यंत्राला एक क्रमांक असतो. १०० क्रमांकाच्या यंत्राची नोंद 'नोड्स' या डिरेक्टरीत, सर्व्हरच्या नावाखाली, 'क्यूईएमयू-सर्व्हर' या उपडिरेक्टरीतील '१००.कॉन्फ' या फाइलीत असते; कंटेनरची नोंद शेजारच्या 'एलएक्ससी' या उपडिरेक्टरीत असते. प्रोसेसरचे कोअर किती, मेमरी किती, कोणती डिस्क कोणत्या नियंत्रकाला जोडलेली, नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता कोणता, यंत्र कोणत्या डिस्कवरून सुरू व्हावे, अशा दहा-वीस ओळी तिच्यात असतात. याशिवाय साठवणुकीची व्याख्या करणारी 'स्टोरेज.सीएफजी', वापरकर्ते व त्यांचे अधिकार सांगणारी 'यूजर.सीएफजी', अग्निभिंतीचे नियम, नियोजित बॅकअपांचे वेळापत्रक, प्रमाणपत्रे आणि गुप्त किल्ल्या हेही सर्व याच डिरेक्टरीत असते.

पाहुण्या यंत्रांच्या डिस्क मात्र पूर्णपणे अन्यत्र असतात. एलव्हीएम वापरल्यास त्या 'व्हीएम-१००-डिस्क-०' अशा नावाच्या लॉजिकल व्हॉल्यूम असतात, झेडएफएस वापरल्यास त्याच नावाचे झेडव्हॉल असतात, आणि साध्या डिरेक्टरीत ठेवल्यास /व्हीएआर/लिब/व्हीझेड/इमेजेस येथे १०० नावाच्या उपडिरेक्टरीत फाइली असतात. डिस्कच्या नावातच यंत्राचा क्रमांक असतो. ही वरवर किरकोळ वाटणारी प्रथा पुनर्प्राप्तीच्या वेळी मोलाची ठरते, कारण नोंदवही पूर्ण कोरी झाली तरी कोणती डिस्क कोणत्या यंत्राची हे त्यावरून कळते.

पुसल्यानंतर काय घडते

केव्हीएमचे प्रत्येक चालू यंत्र ही यजमानावरील एक स्वतंत्र प्रक्रिया असते. तिने आपली कॉन्फिगरेशन फाइल सुरू होतानाच वाचलेली असते. नंतर त्या फाइलीची तिला गरज नसते. त्यामुळे फाइली गेल्यावरही संकेतस्थळे उघडतात, पत्रव्यवहार चालतो, आणि बाहेरच्या वापरकर्त्यांना काही जाणवत नाही. बिघाड दिसतो तो केवळ प्रशासकाला.

यात तीन गोष्टी मात्र तातडीने लक्षात घ्याव्या लागतात. पहिली म्हणजे, अग्निभिंत चालू आहे की बंद ही नोंदही याच डिरेक्टरीत असते आणि तिचे मूळ मूल्य 'बंद' असे आहे. नोंद गेली की प्रॉक्समॉक्सचे नियम काढून घेतले जातात, आणि त्यांच्या आड असलेली यंत्रे नेटवर्कवर उघडी पडू शकतात. दुसरी म्हणजे, रूट वापरकर्त्याची एसएसएच प्रवेशासाठीची 'ऑथराइज्ड कीज' ही फाइल याच डिरेक्टरीतील फाइलीकडे निर्देश करणारा दुवा असते. म्हणून किल्लीने होणारा प्रवेश बंद पडतो. रूटचा परवलीचा शब्द लिनक्सच्या नेहमीच्या जागी असल्याने तो चालतो, तरीही उघडे असलेले एसएसएच सत्र बंद न करणे शहाणपणाचे. तिसरी गोष्ट सहसा उशिरा ध्यानात येते. नियोजित बॅकअपांचे वेळापत्रकही पुसले गेलेले असते, त्यामुळे त्या रात्रीपासून बॅकअप घेतलेच जात नाहीत आणि त्याबद्दल कोणतीही तक्रार पटलावर उमटत नाही.

प्रथमोपचार

सर्व्हर पुन्हा सुरू न करणे हा पहिला नियम होय. त्यानंतर /व्हीएआर/लिब/पीव्हीई-क्लस्टर या संपूर्ण डिरेक्टरीची प्रत दुसऱ्या ठिकाणी काढून ठेवावी. तेथे मुख्य डेटाबेसबरोबर 'डब्ल्यूएएल' हे अक्षरसमूह नावाअखेरीस असलेली एक सोबतची फाइल असते. एसक्यूलाइट नवे बदल आधी तिच्यात लिहितो आणि काही काळाने मुख्य फाइलीत उतरवतो. त्यामुळे या फाइलींत जुन्या मजकुराचे अंश क्वचित शिल्लक सापडतात. एसक्यूलाइटची 'सेक्युअर डिलीट' ही सोय चालू असेल, तर पुसलेल्या मजकुराच्या जागी शून्ये लिहिली जातात आणि मुख्य फाइलीपुरती ती आशा संपते. या मार्गावर विसंबून राहू नये, पण प्रत काढायला काहीच मोल पडत नाही.

चूक उलट्या प्रकारची असेल, म्हणजे /ईटीसी/पीव्हीई मधील फाइली नव्हे तर 'कॉन्फिग.डीबी' ही डेटाबेस फाइलच पुसली गेली असेल, तर स्थिती बरीच सोपी असते. पीएमएक्ससीएफएस ही प्रक्रिया जोवर चालू आहे तोवर तिच्याकडे ती फाइल उघडीच असते आणि सर्व मजकूर /ईटीसी/पीव्हीई मध्ये पूर्ववत दिसतो. तो लगेच अन्यत्र उतरवून घेतला की काम झाले. येथे सेवा किंवा सर्व्हर पुन्हा सुरू केला, तर हाती असलेले सर्व जाते.

चालू यंत्रांकडून नोंद मिळवणे

यंत्र चालू असेल तर त्याची प्रक्रिया ही सर्वांत विश्वसनीय साक्षीदार असते. प्रॉक्समॉक्स प्रत्येक यंत्र एका लांबलचक आज्ञेने सुरू करते आणि त्या आज्ञेत जवळजवळ सर्व तपशील लिहिलेला असतो: यंत्राचा क्रमांक व नाव, कोअरांची संख्या, मेमरी, प्रत्येक डिस्कचा मार्ग, डिस्क-नियंत्रकाचा प्रकार, नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता, यंत्राचा यूयूआयडी. लिनक्समध्ये ही आज्ञा /प्रॉक या डिरेक्टरीत, प्रक्रियेच्या क्रमांकाखालील 'सीएमडीलाइन' या फाइलीत जशीच्या तशी वाचता येते. प्रक्रियेचा क्रमांक /व्हीएआर/रन/क्यूईएमयू-सर्व्हर येथे यंत्रनिहाय मिळतो. सर्व चालू यंत्रांच्या आज्ञा आधी एका फाइलीत उतरवून घ्याव्यात आणि ती फाइल सर्व्हरबाहेर ठेवावी. पुढचे सर्व काम मग सावकाश करता येते.

एक गोष्ट त्या आज्ञेत नसते, ती म्हणजे यंत्राचे नेटवर्क कार्ड यजमानावरील कोणत्या ब्रिजला जोडले आहे हे. त्यासाठी 'टॅप१००आय०' अशा नावाची जोडणी यजमानावर शोधून ती कोणत्या ब्रिजखाली आहे ते पाहावे लागते. त्या कार्डासाठी अग्निभिंत चालू असल्यास मध्ये 'एफडब्ल्यूबीआर' नावाचा आणखी एक ब्रिज आढळतो. यजमानाच्या स्वतःच्या नेटवर्कची मूळ नोंद /ईटीसी/नेटवर्क येथे असल्याने ती सुरक्षित असते.

या माहितीवरून '१००.कॉन्फ' ही फाइल हाताने लिहिता येते. तत्पूर्वी 'पीव्हीईसीएम अपडेटसर्ट्स' ही आज्ञा सक्तीच्या पर्यायासह चालवून आवश्यक डिरेक्टऱ्या व प्रमाणपत्रे पुन्हा निर्माण करून घ्यावीत, आणि 'स्टोरेज.सीएफजी' मध्ये साठवणुकीची व्याख्या पूर्वीच्याच नावांनी लिहावी. फाइल जतन होताच यंत्र पटलावर पुन्हा उगवते, तेही 'चालू' अशा खुणेसह, कारण प्रक्रिया कधी थांबलेलीच नव्हती. यानंतर 'क्यूएम शोसीएमडी' ही आज्ञा द्यावी. नव्या फाइलीवरून यंत्र सुरू केल्यास कोणती आज्ञा तयार होईल ते ती दाखवते. ती आज्ञा आणि आधी उतरवून घेतलेली जुनी आज्ञा शेजारी ठेवून ताडून पाहिल्यास राहिलेला तपशील लगेच उघड होतो. परीक्षेच्या दोन उत्तरपत्रिका जुळवण्याइतकेच हे काम कंटाळवाणे असले, तरी यंत्र बंद न करता नोंद तपासण्याची याहून चांगली रीत नाही.

मॅक पत्ता व यूयूआयडी मूळचेच ठेवण्याचा आग्रह का, असा प्रश्न पडू शकतो. अनेक ठिकाणी मॅक पत्त्यावरून यंत्राला ठरावीक आयपी पत्ता दिलेला असतो, आणि काही सॉफ्टवेअरांचे परवाने या ओळखखुणांशी बांधलेले असतात. डिस्क-नियंत्रकाचा प्रकारही तसाच जपावा लागतो. तो बदलल्यास विंडोज यंत्र बहुधा सुरूच होत नाही. लिनक्स या बाबतीत अधिक सहनशील आहे.

कंटेनर आणि बंद असलेली यंत्रे

एलएक्ससी कंटेनर सुरू करताना प्रॉक्समॉक्स त्याच्या नोंदीचे भाषांतर करून /व्हीएआर/लिब/एलएक्ससी येथे, कंटेनरच्या क्रमांकाखाली, 'कॉन्फिग' नावाची साधी फाइल लिहून ठेवते. ती /ईटीसी/पीव्हीईच्या बाहेर असल्याने वाचते. तिच्यातून मॅक पत्ता आणि मेमरीची मर्यादा कळते.

अडचण येते ती त्या वेळी बंद असलेल्या आभासी यंत्रांची. त्यांची प्रक्रिया नसते, म्हणून पुरावा इतस्ततः गोळा करावा लागतो. /व्हीएआर/लॉग/पीव्हीई येथील कामांच्या नोंदींत जुन्या बॅकअपांच्या वेळी कोणती डिस्क कोणत्या नियंत्रकावर होती आणि तिचा आकार किती होता हे लिहिलेले असते. पटलावरील आलेखांसाठी साठवलेल्या आकडेवारीत कोअर व मेमरी यांची संख्या आढळते. राउटरवरील नोंदींत मॅक पत्ता सापडू शकतो. यातून जुळलेली किमान नोंद लिहून 'क्यूएम डिस्क रीस्कॅन' ही आज्ञा दिली, की त्या क्रमांकाच्या सर्व डिस्क शोधून त्या 'न वापरलेल्या' म्हणून नोंदीत जोडल्या जातात. त्यांतील योग्य डिस्क योग्य जागी लावणे तेवढे उरते. केवळ काही मेगाबाइटांची डिस्क आढळल्यास ती बहुधा यूईएफआय पद्धतीने सुरू होणाऱ्या यंत्राची सेटिंग-डिस्क असते, आणि अशा यंत्राच्या नोंदीत 'बायॉस' या ओळीपुढे 'ओव्हीएमएफ' लिहावे लागते.

या अवस्थेत नवे यंत्र तयार करणे धोक्याचे असते. नोंदी नसल्याने प्रणालीला १०० हा क्रमांक मोकळा वाटतो आणि ती तोच सुचवते. नवी डिस्क जुनीवर लिहिली जात नाही हे खरे. परंतु पुढे कोणी ते नवे यंत्र काढून टाकताना त्या क्रमांकाच्या सर्व डिस्क काढण्याचा पर्याय निवडला, तर जुन्या यंत्राची डिस्कही त्याबरोबर जाते.

बॅकअपमधून नोंद काढणे

प्रॉक्समॉक्सच्या प्रत्येक बॅकअपमध्ये डिस्कबरोबर यंत्राची कॉन्फिगरेशन फाइलही असते. वेब पटलावर बॅकअप निवडून 'शो कॉन्फिगरेशन' म्हटले, किंवा व्हीएमए प्रकारच्या फाइलीवर 'व्हीएमए कॉन्फिग' ही आज्ञा चालवली, की ती वाचता येते. कंटेनरच्या बॅकअपमध्ये ती 'पीसीटी.कॉन्फ' या नावाने असते. येथे एक भेद नीट समजून घ्यावा. बॅकअप पूर्ण परत आणल्यास यंत्र त्या दिवसाच्या स्थितीत जाते आणि त्यानंतरचे काम गमावले जाते. डिस्क शाबूत असताना ते करण्याचे काही कारण नाही. बॅकअपमधून फक्त नोंद घ्यावी आणि ती आजच्या डिस्कला जोडावी. बॅकअपनंतर यंत्राला नवी डिस्क जोडली होती का, एवढे मात्र पडताळून पाहावे.

'कॉन्फिग.डीबी' ची जुनी प्रत कोणी जपून ठेवली असेल, तर वरील बहुतेक खटाटोप टळतो. 'पीव्हीई-क्लस्टर' ही सेवा थांबवावी, सोबतच्या सद्य फाइली हलवाव्यात, जुनी प्रत जागेवर ठेवून तिचे अधिकार ०६०० करावेत आणि सेवा सुरू करावी. या काळात यंत्रे चालूच राहतात. सर्व्हरचे नाव मात्र पूर्वीचेच हवे, कारण नोंदी त्या नावाच्या डिरेक्टरीत असतात. नाव बदलल्यास फाइली असूनही पटल रिकामे दिसते. सेवा थांबलेली असताना /ईटीसी/पीव्हीई ही एक रिकामी साधी डिरेक्टरी उरते. त्या अवधीत तेथे फाइली लिहिल्यास त्या डेटाबेसमध्ये जात नाहीत, उलट सेवा पुन्हा सुरू होण्यात अडथळा आणतात.

क्लस्टरमधील विशेष बाबी

अनेक सर्व्हर क्लस्टरमध्ये जोडलेले असल्यास /ईटीसी/पीव्हीई मधील प्रत्येक बदल कोरोसिंक या यंत्रणेद्वारे सर्व सर्व्हरांवर तत्काळ पोहोचतो. पुसणे हाही एक बदलच असल्याने तोही तितक्याच तत्परतेने पोहोचतो. तीन सर्व्हर म्हणजे तीन प्रती, हा समज म्हणूनच येथे टिकत नाही. अपवाद एकच: त्या क्षणी बंद असलेला सर्व्हर. त्याच्या डिस्कवरील डेटाबेस जुनाच असतो. तो नेटवर्कची तार काढून सुरू केला आणि 'कॉन्फिग.डीबी' ची प्रत घेतली, तर सर्व नोंदी मिळतात. तार न काढता सुरू केला, तर क्लस्टरची नवी, रिकामी स्थिती तो निमूटपणे स्वीकारतो.

सर्व्हर एखाद्या क्लस्टरमध्ये नव्याने सामील झाला असेल, तर त्या वेळी त्याच्या आधीच्या डेटाबेसची संकुचित प्रत पीव्हीई-क्लस्टर डिरेक्टरीतील 'बॅकअप' या उपडिरेक्टरीत ठेवलेली असते, तीही तपासावी. 'कोरोसिंक.कॉन्फ' ची एक स्थानिक प्रत /ईटीसी/कोरोसिंक येथे असते.

क्लस्टरमध्ये यंत्रांसाठी 'हाय अव्हेलेबिलिटी' ही सोय चालू असेल, तर वर सांगितल्याप्रमाणे सेवा थेट थांबवू नये. ही सोय /ईटीसी/पीव्हीई मध्ये सतत लिहीत असते. तसे लिहिता आले नाही तर सुमारे एका मिनिटात पहारेकरी यंत्रणा सर्व्हरच पुन्हा सुरू करते, आणि चालू प्रक्रियांमधील पुरावा त्याबरोबर जातो. म्हणून एचए-एलआरएम व एचए-सीआरएम या दोन सेवा आधी थांबवाव्या लागतात.

परत न मिळणाऱ्या गोष्टी

सर्व काही अंदाजाने किंवा पुराव्याने जुळवता येते असे नाही. एपीआय टोकनांची गुपिते, 'पीव्हीई' क्षेत्रातील वापरकर्त्यांचे परवलीचे शब्द आणि द्विस्तरीय प्रवेशाच्या नोंदी पुन्हा द्याव्या लागतात. स्नॅपशॉटांची यादीही यंत्राच्या नोंदीतच असते. मूळ स्नॅपशॉट एलव्हीएम वा झेडएफएसमध्ये शिल्लक असले, तरी ते पटलावर दिसण्यासाठी त्यांचे परिच्छेद पुन्हा लिहावे लागतात.

सर्वांत गंभीर हानी कूटबद्ध बॅकअपांची होऊ शकते. प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हरकडे जाणारे बॅकअप कूटबद्ध केले असल्यास त्यांची किल्ली /ईटीसी/पीव्हीई मधील 'प्रिव्ह' या उपडिरेक्टरीत असते. तिची दुसरी प्रत कोठेही नसेल आणि 'मास्टर की' ची सोयही केलेली नसेल, तर ते सर्व बॅकअप कायमचे निरुपयोगी होतात, कारण किल्लीविना ते उघडता येऊ नयेत अशीच त्यांची रचना असते. ही किल्ली क्यूआर कोडसह कागदावर छापून ठेवण्याची सोय प्रणालीतच दिलेली आहे. संगणकाच्या जगात कागदाला अजून जागा आहे, याचे हे एक ठळक उदाहरण.

इतर प्रणालींतील स्थिती

लिबव्हर्ट वापरणाऱ्या लिनक्स सर्व्हरांवर यंत्रांच्या नोंदी एक्सएमएल फाइलींच्या रूपात /ईटीसी/लिबव्हर्ट येथे असतात. त्या पुसल्या गेल्यास काम तुलनेने सोपे असते. चालू यंत्राची पूर्ण नोंद लिबव्हर्टच्या सेवेकडे असते आणि 'व्हर्श डम्पएक्सएमएल' या आज्ञेने ती परत लिहून घेता येते. मग 'व्हर्श डिफाइन' ने तिची कायमची नोंद होते. व्हीएमवेअर ईएसएक्सआय मध्ये यंत्राची 'व्हीएमएक्स' फाइल डिस्कच्याच डिरेक्टरीत असते. ती गेल्यास तेथेच असलेल्या 'व्हीएमवेअर.लॉग' या नोंदवहीतून तिच्या ओळी पुन्हा जुळवता येतात, कारण यंत्र सुरू होताना आपले संपूर्ण कॉन्फिगरेशन त्या नोंदवहीत उतरवते.